आण्णांचा कॉम्प्युटर मी बदलला

आण्णांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाक, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. आण्णांनी तर नाहीच. ते मी माझ्या मनानं केलं, एका रविवारी, सकाळी दहाला बसून दुपारी तीनच्या आत. झाल्यावर हात धुऊन आईला म्हटलं, "चहा टाक, झालं काम." हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात दुसऱ्या कुणाला वाटेकरी करायची सोय नाही.

मी सांगलीत एका बँकेत संगणक विभागात आहे. त्या वर्षी सगळ्या शाखांतली जुनी मशीनं नव्या विंडोजवर न्यायचं काम माझ्याकडं होतं. जुन्या सिस्टीमला यापुढं सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, मुदतीच्या आत सगळं बदला, असा वरून आदेश आला होता. तासगाव, विटा, आटपाडी, जत असं फिरून मी एकेक शाखा उरकत होते. प्रत्येक शाखेत एक तरी जुना कारकून निघायचाच. "मॅडम, आहे ते बरं चाललंय की," असं म्हणायचा. त्याला गप्प कसं करायचं ते मला पाठ झालं होतं. मी म्हणायची, "आज चाललंय. उद्या बंद पडलं की माझ्याच नावानं बोंब माराल." हेच वाक्य मी उंब्रजच्या घरात आण्णांना ऐकवलं, थोडं हसून. घरच्या माणसाला हसून ऐकवलं की ते कमी लागतं, अशी माझी समजूत होती.

आण्णा म्हणजे माझे वडील. उंब्रजला हायवेपासून थोडं आत आमचं घर आहे, आणि त्याच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मसूर, तारळे, चाफळकडची पोरं-पोरी यायची. दोन बाकांवर बारा मशीनं, सकाळी सातपासून खडखडाट. माझं बालपण त्या आवाजात गेलं. तो थांबला की आम्हाला जाग यायची. आण्णांचा एकच नियम होता, की बोटांकडं बघायचं नाही. कुणी बघितलं तर ते न बोलता त्याच्या हातांवर जुनं वर्तमानपत्र पसरायचे आणि म्हणायचे, "नजर कागदावर. बोटांना त्यांचं घर ठाऊक हाय." मलाही त्यांनी तसंच शिकवलं. मी बँकेत लागले ती त्या वर्तमानपत्राखाली शिकलेल्या बोटांच्या जोरावर.

पुढं हातमशीनवरच्या टायपिंगच्या परीक्षाच बंद झाल्या. मशीनं भंगारात गेली तेव्हा आण्णा दिवसभर मागच्या दारी बसून होते. मग त्यांनी एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला. टाइपरायटरवरची अक्षरं होती तिथंच ठेवणारा मराठी फॉन्ट कऱ्हाडच्या एका दुकानदाराकडून टाकून घेतला, आणि साठीच्या पुढचा हा माणूस लोकांचे अर्ज टाइप करायला लागला. वारसनोंद, विधवा पेन्शन, सातबारावरची नावं, कोयनेकडच्या प्रकल्पग्रस्तांची गाऱ्हाणी. माणूस समोरच्या खुर्चीत बसून आपली हकीकत घोळवून घोळवून सांगायचा, आण्णा खिडकीकडं तोंड करून ऐकायचे, आणि ऐकता ऐकता हात चालू असायचे. सांगणाऱ्याचं रडं संपायच्या आत कागद बाहेर. आण्णांचा अर्ज माघारी येत न्हाई, असं आसपासची पाच-पंचवीस गावं म्हणायची. त्याच्या आधीच्या गणपतीत मी माझ्या नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हटलं होतं, "बघ, स्क्रीनकडं ढुंकूनसुद्धा बघत नाहीत." मला त्याचा भारी अभिमान होता.

आई तेव्हा त्यांच्या शेजारीच पाटावर बसलेली असायची. मेथी निवडत, शेंगा फोडत, नाहीतर नुसतीच. मधूनच काहीतरी पुटपुटायची. माझी आई चौथी शिकलेली, लोणंदची, मुळातच कमी बोलणारी. मी तिला चिडवायची, "आता म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. घटकाभर सोडवत नाही होय गं?" ती पदर तोंडाला लावून हसायची.

तर त्या रविवारी मी नवी डिस्क, पेनड्राइव्ह आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पहिल्या एसटीनं घरी आले. कॉम्प्युटर उघडायला घेतल्यावर आण्णा जवळ येऊन उभे राहिले.

"हाय ते चाललंय की गं," ते म्हणाले.

मी माझं पाठ केलेलं वाक्य टाकलं.

"ऱ्हाऊ दे की," आई म्हणाली. "त्यांना सवय झालीया त्याची."

"आई, तुला त्यातलं काय कळतंय? बँकेतल्या सगळ्यांना सवय होती. झाली ना नव्याची?"

आई स्वयंपाकघरात गेली. आण्णांनी मशीनवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बरं. पर सगळं जागच्या जागी ठेव. काय हलवू नगंस."

"एक फाइल इकडची तिकडं होणार नाही," मी म्हटलं.

आणि झाली नाही. हे मी आजही छातीठोक सांगू शकते. त्यांचे सगळे अर्ज, गावांच्या नावांनी केलेले सगळे फोल्डर मी नव्या डिस्कवर उतरवले आणि दोनदा तपासले. जुनी डिस्क काढून, पिशवीत गुंडाळून, कपाटात साड्यांखाली ठेवली. कामात मी कधी हलगर्जीपणा करत नाही. मात्र मशीनचा पडदा मी साफ केला. जुन्या पडद्यावर भडक पिवळ्या रंगावर सात मोठमोठी चित्रं होती, लांब लांब, डाव्या कडेला एकाखाली एक. मला ते ओंगळ वाटायचं. मी ते सगळं काढलं, फोल्डर वर्षवार लावले, आणि मागं दोघांचा महाबळेश्वरचा फोटो टाकला. आण्णांचा जुना फॉन्टही काढून टाकला, कारण त्यातलं लिहिलेलं दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडत नाही. त्याऐवजी आता सगळीकडं चालतं ते नवं मराठी टाकलं. अक्षरांच्या जागा टाइपरायटरच्याच ठेवल्या, तेवढी काळजी मी घेतली. फक्त लिहायला बसताना दोन बटणं दाबून इंग्रजीचं मराठी करून घ्यायचं. ते झालं की नाही, हे खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसतं.

आण्णांना खुर्चीत बसवून मी सगळं दाखवलं. ते मान हलवत होते. "व्हय. व्हय. कळलं."

"आणि फोटो कसा वाटला?"

"झकास," आण्णा म्हणाले.

आई दारात उभी होती. ती काहीतरी बोलणार होती असं आता वाटतं. तिनं मला डब्यात धपाटी बांधून दिली आणि मी साडेपाचच्या गाडीनं सांगलीला गेले.

त्यानंतर तीन-चार आठवडे मी फोनवर विचारायची, "जमतंय का आण्णा?" ते म्हणायचे, "चाललंय शिकायचं." आईला विचारलं तर ती म्हणायची, "बसत्यात, बघत्यात." माझ्या डोक्यात शाखांची यादी होती, मुदत होती, मुलीची सहामाही होती. शिकतायत म्हणजे शिकतील, असं धरून मी चालले होते. एकदा नवरा म्हणाला, आण्णांचा आवाज उतरलाय. मी म्हटलं, नवीन शिकायला लागलं की सगळ्यांचाच उतरतो, आमच्या जतच्या शाखेत येऊन बघ.

मग एके दिवशी सकाळी आईचा फोन आला. ती आपणहून कधी फोन करत नाही. ती म्हणाली, "एक बाई अर्ज घिऊन गेली व्हती तालुक्याला. त्यो सायबानं माघारी दिलाय. काय झालंय बघ की गं तुझ्या त्या मशीनचं."

ती बाई मला माहीत होती. माण तालुक्याकडची, मेंढरं विकून आमच्या गावाबाहेर वस्ती करून राहिलेल्या घरातली. नवरा वारला होता आणि पेन्शनचा अर्ज करायचा होता. तिनं आण्णांसमोर तासभर सगळं सांगितलं, आण्णांनी टाइप केलं, कागद छापून हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. ती तो कागद छातीशी धरून कऱ्हाडला गेली, रांगेत उभी राहिली. टेबलावरच्या माणसानं कागद बघितला, शेजारच्याला दाखवला, मग पलीकडच्याला. सगळे हसले. ती परत आली आणि आण्णांना म्हणाली, "आवं आण्णा, त्यो सायेब म्हंतोय, ह्ये इंग्रजी बी न्हाई आन् मराठी बी न्हाई."

कागदावर दीड पान नुसती इंग्रजी अक्षरं होती, कशाचा कशाला मेळ नसलेली.

मला लगेच कळलं काय झालं असणार. भाषा बदलायची ती दोन बटणं दाबली नव्हती. मराठीसाठी बोटं फिरली होती आणि मशीननं इंग्रजी उमटवलं होतं. एवढं दीड पान होईस्तोवर या माणसानं एकदाही समोर बघितलं नाही? माझा संताप झाला. असली घमेंड काय कामाची, असं मी नवऱ्याला बोलून दाखवलं. तीस वर्षं पोरांना शिकवलंत बोटांकडं बघू नका, ठीक आहे. पण स्क्रीनकडं तरी बघाल की नाही?

सांगलीतून त्यांचं मशीन दिसावं म्हणून मी आधीच सोय करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या टेबलावरून त्यांचा पडदा उघडला, फोन कानाला लावला आणि म्हटलं, "आण्णा, आता माझ्यासमोर एक अर्ज करा. मी बघते कुठं चुकतं. मी मधे बोलणार नाही."

"बरं," ते म्हणाले.

माझ्या टेबलावरच्या चौकटीत महाबळेश्वरचा फोटो होता. पांढरा बाण हलला. सरळ डाव्या कडेला गेला, वरून तिसऱ्या जागेवर थांबला, आणि दोनदा क्लिक झालं. तिथं काही नव्हतं. तिथं आईच्या साडीचा काठ होता. बाण परत कोपऱ्यात गेला, तिथून मोजल्यासारखा खाली आला, त्याच जागी थांबला. पुन्हा दोन क्लिक. असं पाच वेळा झालं. मग बाण सोडून त्यांनी बटणं दाबायला सुरुवात केली, खाली, खाली, खाली, एंटर. एक भलतंच काहीतरी उघडलं, हवामानाचं. फोनमधून आईचा दबका आवाज आला, "निळं आलं." आण्णा हळूच म्हणाले, "नुसतं निळं नगं. पांढरं पायजे." आई म्हणाली, "पांढरं न्हाई. सूर्व्या हाय त्यात."

मला काहीच समजलं नाही. समजायला पाहिजे होतं. तिथंच, त्या क्षणी. पण माझी सुट्टी संपत आली होती, आणि बाण पुन्हा त्या रिकाम्या जागेवर जाऊन टकटक करायला लागला. मी न बोलण्याचं कबूल केलं होतं ते विसरले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशी ओरडले.

"आण्णा, समोर बघा ना जरा. डोळे दिलेत ना देवानं?"

बाण थांबला. शेजारच्या टेबलावरची बाई माझ्याकडं बघत होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि आईनं फोन घेतला.

"वरडू नगंस त्यांच्यावर," ती म्हणाली. "त्यांना दिसत न्हाई."

"दिसत नाही म्हणजे? चष्मा बदलायचाय का?"

"दिसतच न्हाई गं. डाव्यानं काय बी न्हाई. उजव्यानं एवढंसं, सुईच्या नेढ्यातनं बघावं तसं. दोन वर्सं झाली."

मी अर्धा दिवस रजा टाकली आणि स्टँडवर गेले. गाडीत मला रडू आलं नाही. मी आठवत बसले. दोन वर्षांत मी किती वेळा घरी गेले होते, दर महिन्याला, कधी पंधरा दिवसांनी. ते मला आवाजावरून ओळखायचे हे कसं कळलं नाही? ताटात भाजी कुठं आहे हे आई बोलता बोलता सांगायची, "डावीकडं ठेचा हाय, जपून." तो मला तिचा प्रेमळपणा वाटायचा. ते बाजारात जायचे बंद झाले. आम्ही म्हटलं, हायवेचं काम चाललंय, धूळ असते, बरंच झालं. आणि ते खिडकीकडं तोंड करून टाइप करायचे, ते दाखवायला तर आम्ही कौतुकानं माणसं जमवायचो. दुसऱ्या कुठल्या घरात म्हातारा कॉम्प्युटरकडं न बघता बसला असता, तर कुणीतरी विचारलं असतं. आमच्या घरात ती टायपिंगच्या मास्तरची शान होती. मी घरी जाऊन दर वेळी मशीनची तब्येत बघायची, पंखा साफ करायची, व्हायरस शोधायची.

घरात गेले तेव्हा आण्णा कॉटवर बसले होते. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला होता.

हळूहळू आईनं सांगितलं. पहिल्यांदा नजरेच्या कडा काळ्या व्हायला लागल्या, तेव्हा आण्णांनी कऱ्हाडच्या दुकानदाराला बोलावून पडदा पिवळा करून घेतला, चित्रं मोठी करून घेतली. कुठलं चित्र कितव्या जागेवर, ते त्यांनी बोटांना शिकवलं. तेवढ्यानं भागेना तेव्हा आईला शेजारी बसवलं. आईला इंग्रजी येत नाही. तिनं सगळं रंगावरून पाठ केलं. वर निळी पट्टी आणि खाली पांढरं आलं म्हणजे लिहायचा कागद उघडला, मधे करडा चौकोन आला म्हणजे मशीन काहीतरी विचारतंय, तो तीन शब्दांचा असेल तर एंटर मारायचं. कागद छापून आला की ती तो बोट ठेवून, अक्षर जुळवत, हळू वाचायची, आणि आण्णा म्हणायचे, तिसऱ्या ओळीत काना ऱ्हायला. दोघांनी मिळून दोन वर्षं हे असं चालवलं. आणि मी त्या रविवारी पाच तासांत त्यातलं सगळं उचलून टाकलं. नव्या सिस्टीमवर आईची एकही खूण उरली नव्हती. इंग्रजी अक्षरं आलेली तिला दिसली होती, पण तिला वाटलं, नव्या मशीनची तशीच रीत असेल, छापताना मराठी होत असेल. आणि छापून आलेला कागद आईनं वाचायच्या आधीच त्या बाईनं घेतला, कारण तिची गाडी चुकत होती.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. आता माझा आवाज बारीक झाला होता.

आण्णा म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू पयलं काय केलं असतंस?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"सांगलीला न्हेलं असतंस. खोलीत बसवलं असतंस. हितं निदान मला लोकं इचारायला येत व्हती." मग म्हणाले, "अर्ज टायपायला आंधळ्याकडं कोण यील?"

त्याच आठवड्यात मी त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. डॉक्टर चांगले होते, घाई करत नव्हते. ते म्हणाले, गेलेलं परत येत नाही. उजव्या डोळ्यात जे थोडं उरलंय ते थेंब टाकून राखता आलं तर राखू, तेही सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" आण्णाच पटकन म्हणाले, "पोरगी लांब असती." सांगली ते उंब्रज अडीच तासांची वाट आहे. मी तिथं खुर्चीत बसून रडले, त्यांच्यासमोर. त्यांना ते दिसलं की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी मी साड्यांखालून जुनी डिस्क काढली आणि परत बसवली. सुरक्षेचे अपडेट नाहीत तर नाहीत. नेटची वायर उपटून टाकली. मशीन चालू झालं, सुरू होतानाचा जुना आवाज आला, आणि कॉटवरचे आण्णा उठून बसले. पिवळा पडदा, सात चित्रं. आई पाट घेऊन शेजारी आली. त्यांचा बाण डाव्या कडेला गेला, तिसऱ्या जागेवर थांबला, क्लिक झालं. "निळी पट्टी आली," आई म्हणाली. मला वाटलं, चला, एवढं तरी हातात राहिलं.

पण माणसं आली नाहीत. त्या बाईच्या कागदाची गोष्ट सगळीकडं झाली होती. काहींना आण्णा आंधळे झाले हे कळलं होतं, काहींना ते चळले असं वाटत होतं. एसटी स्टँडसमोर एकानं ऑनलाइनचं दुकान टाकलं होतं, माणसं तिकडं वळली. त्यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. त्या बाईचा अर्ज मी स्वतः नीट भरून दिला; ती मला आशीर्वाद देऊन गेली, पण आण्णांच्या खुर्चीसमोर पुन्हा बसली नाही. आण्णा रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मशीनसमोर बसायचे. आई शेजारी बसायची. दहा-साडेदहापर्यंत बसायचे आणि मग टॉवेल टाकायचे.

असे दोन महिने गेले. एका रविवारी मी गेले तर आण्णांचे हात चालू होते. मला वाटलं, कुणीतरी आलंय. समोरची खुर्ची रिकामी होती. ते स्वतःशीच थांबत थांबत टाइप करत होते. झालं तेव्हा त्यांनी प्रिंट दिली आणि आईला म्हणाले, "तू नगं. हिला वाचू दे."

मी वाचलं. प्रति, मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सातारा. विषय : अंधत्वाचा दाखला मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी खाली सही करणार. पुढं वय, गाव, डोळ्यांची हकीकत, मिरजेच्या डॉक्टरांचे कागद सोबत जोडल्याची नोंद, सगळं एकाखाली एक. दुसऱ्यांच्या अर्जात लिहायचे तेच लिहिलं होतं : अर्जदार हा वयोवृद्ध असून त्यास इतर कोणतेही काम करणे शक्य नाही. हे आता ऑनलाइन भरतात, असा अर्ज कुणी बघतही नाही, हे माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी गिळून टाकलं.

"चूक हाय?"

"एकही नाही."

"सहीच्या जागी बोट ठेव माझं."

मी त्यांचं बोट 'आपला विश्वासू' च्या खाली ठेवलं आणि पेन हातात दिलं. त्यांनी एका झटक्यात सही केली.

"जाग्यावर बसली?"

"बसली."

"खरं सांग."

सही वरच्या अक्षरांवर चढून पार कागदाच्या कडेला गेली होती.

"नाही आण्णा. वर चढलीय."

"मग दुसरी प्रत काढ."

मी दुसरी काढली. तिच्यावरची सही खाली घसरली. तिसरीत निम्मी सही टेबलावर उमटली. आईनं टेबल पदरानं पुसलं. चौथी सही करून आण्णा पेन तसंच धरून बसले, तोंड खिडकीकडं.

"ही?"

"ही जरा तिरकी आहे," मी म्हटलं. "पण नाव वाचता येतंय."

त्यांनी पेनला टोपण लावलं. पहिल्यांदा ते बसलं नाही, दुसऱ्यांदा बसलं.

"चालंल," ते म्हणाले. एका राहिलेल्या वेलांटीसाठी पोरांना अख्खं पान पुन्हा टाइप करायला लावणाऱ्या माझ्या बापाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.